नाशिकमध्ये राहून विकास क्षेत्रातली कन्सल्टन्सी : नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू किंवा कृषी पदवी झालेली मुलंमुली मला हमखास विचारतात, "सर, आंतरराष्ट्रीय संस्थांचं काम मिळवायचं तर दिल्लीलाच जावं लागेल का?" ऑफिसं तिकडे आहेत, हे खरं. पण ज्यांच्यासाठी या संस्थांचा पैसा येतो ती माणसं पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर राहतात. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीत २०२२ साली युरोपातून ३१० कोटी रुपये आले, त्यात नेदरलँड्सची एफएमओ आणि फ्रान्सची प्रोपार्को या विकास वित्तसंस्थाही होत्या. नाशिकचा माणूस या कामापासून लांब नाही.

आमचं काम म्हणजे प्रकल्प सुरू होताना एक पाहणी (बेसलाइन), संपताना दुसरी (एंडलाइन), आणि मधला फरक खरोखर प्रकल्पामुळे पडला का, हे तपासणं. मागणी कायद्यातूनही येते. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक नफा किंवा उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करावी लागते. २०२१ पासून ज्यांची ही रक्कम सरासरी १० कोटी किंवा जास्त आहे, त्यांना १ कोटी आणि त्यापुढच्या प्रकल्पांचं मूल्यमापन त्रयस्थाकडून करून घ्यावंच लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा, पेठ तालुक्यात आंबा-काजूच्या वाडी प्रकल्पाचं मूल्यमापन आहे. बेसलाइन झाली भातलावणीच्या सुमारास, पाडा माणसांनी भरलेला. एंडलाइन लागली फेब्रुवारीत, कारण कंपनीला मार्चअखेर अहवाल हवा. तेव्हा निम्म्या घरांना कुलूप! माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या खुड्यावर गेलेली. ज्यांच्याकडे पाणी आहे, थोडी बरी जमीन आहे, तीच घरं गावात सापडतात, आणि उत्पन्न वाढल्याचा सुंदर आलेख तयार होतो. सर्वात गरीब कुटुंब आकड्यांतून गळालेलं असतं. दिल्लीत बसून फॉर्म बनवणाऱ्याला हे दिसत नाही, तुम्हाला दिसायला हवं. म्हणून काम घेतानाच टीओआरमधल्या, म्हणजे कामाची व्याप्ती आणि अटी सांगणाऱ्या कागदातल्या, तारखा बघा. बदलत नसतील तर स्थलांतरितांना मळ्यावर गाठण्याचा खर्च बजेटमध्ये मागा.

प्रश्नांचंही तसंच. संस्थेचा कार्यकर्ता शेजारी उभा असताना "तुमचं उत्पन्न वाढलं का?" विचारलं तर ताई "हो" म्हणणारच. त्याऐवजी विचारा, "दिवाळीनंतर घरातलं कोण कोण द्राक्षाच्या कामाला गेलं? किती महिने? मागच्या सालापेक्षा जास्त की कमी?" वाडीने घर सावरलं असेल तर बाहेर जाण्याचे महिने कमी झालेले दिसतात. कार्यकर्त्याला तेवढा वेळ चहाला पाठवा, आणि संस्थेला आधी सांगूनच पाठवा, म्हणजे कुणाला वाईट वाटत नाही.

शिकायचं काय? कोबो टूलबॉक्स हे मोबाइलवर सर्वे घेण्याचं साधन मोफत आहे, त्यात मराठी फॉर्म बनवता आला पाहिजे. एक्सेल पक्कं हवं. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचे मूल्यमापनाचे सहा निकष समजून घ्या, टीओआर बहुतेक वेळा त्यांच्याच भाषेत लिहिलेला असतो. इंग्रजीचा धसका घेऊ नका. साधी, नेमकी वाक्यं लिहिता आली की पुरे. कोकणा बोली कानावर असेल तर ते सीव्हीत लिहा, ते कौशल्यच आहे.

पैशाबद्दल स्पष्ट सांगतो. फी टप्प्याटप्प्याने मिळते, शेवटचा हप्ता अहवाल मंजूर झाल्यावर, आणि मंजुरी लांबते. १० टक्के टीडीएस कापला जातो. त्यामुळे काही महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका. एकाच देणगीदाराच्या कामावरही राहू नका. २०२५ मध्ये अमेरिकेची यूएसएड ही सरकारी मदतसंस्था बंद झाली, तेव्हा जगभर चांगली, अनुभवी माणसं एकदम रिकामी झाली.

सुरुवात एखाद्या सर्वे एजन्सीत किंवा स्थानिक संस्थेत करा. पावसाळ्यातलं फील्ड एक आणि उन्हाळ्यातलं एक, अशी दोन्ही बघा. मग एका तालुक्यावर उपलब्ध सरकारी आकडे आणि स्वतःची निरीक्षणं जोडून दोन पानं लिहा आणि अर्जासोबत पाठवा. मी माणसं निवडताना प्रमाणपत्रांच्या आधी तीच दोन पानं वाचतो.