ताडोबाला जायचंय? महिना नंतर ठरवा, आधी वार बघा

मे महिन्यात वाघ दिसतो हे शेंबड्या पोरालाही माहितीये. आम्हालाही माहिती होतं, म्हणून तर २०२३ च्या मे मध्ये आम्ही सहा जण पुण्याहून ताडोबाला गेलो, दोन रात्री राहिलो आणि मिळून एक सफारी करून परत आलो. एक. आमची हुशारी अशी की १ मे सोमवारी आलेला, म्हणजे शनिवार-रविवार-सोमवार सगळं जग तिथे तुटून पडणार, तर आपण सोमवारी संध्याकाळी पोचायचं, बाकीचे निघून गेलेले असतील, आणि मंगळवारी सकाळ-दुपार दोन्ही सफाऱ्या निवांत करायच्या. कल्पना नवऱ्याची होती पण वा वा मीच केलं होतं. ताडोबाच्या मोहर्ली गेटपाशी उतरलो होतो, तिथे रात्री जेवण वाढणारा पोरगा सहज बोलला, "उद्या त पार्क बंद राह्यते नं मॅडम, मंगळवार हाय." सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. दीर-जाऊबाई ताटात बघत राहिले.

तर पहिलं काम: भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवा आणि पेन घेऊन सगळ्या मंगळवारांवर काट मारा. ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, मंगळवारी बंद असतो. दर मंगळवारी. ऑक्टोबर असो, मे असो. तुम्ही म्हणाल एवढं काय, बुकिंग करताना कळेलच की. नाही कळत. आम्हाला साइटवर मंगळवारची जागा दाखवत नव्हती तर आम्हाला वाटलं फुल झालाय, लाँग वीकेंडचा परिणाम असेल, तिथे गेल्यावर कोणाचं तरी कॅन्सल झालेलं मिळेल, आणि तोवर ट्रेनची तिकिटं आणि हॉटेल दोन्ही झालेलं होतं. दुसऱ्या जंगलाला जात असाल तर तिथला वार वेगळा बघा, कान्हा-बांधवगडला बुधवारी दुपारची फेरी नसते. प्रत्येक जंगलाचा आपला खाडा असतो, जसा प्रत्येक गावच्या दुकानांचा असतो.

काट मारून झाली की त्याच पानांवर शनिवार-रविवार खोडा. मग जोडून आलेल्या सुट्ट्या: २६ जानेवारी, शिवजयंती, धुळवड, गुढीपाडवा, १४ एप्रिल, गुड फ्रायडे, १ मे. उरलेलं जे दिसतं ते तुमचं. बहुतेक आठवड्यांत बुधवार ते शुक्रवार उरतो आणि तेच पाहिजे. सोमवारी संध्याकाळी गाडीत बसा, मंगळवारी सकाळी नागपूर, दुपारपर्यंत मुक्कामी, म्हणजे बंदचा दिवस प्रवासात गेला, फुकट नाही गेला. बुधवारी दोन, गुरुवारी दोन, शुक्रवारी सकाळी एक, आणि शुक्रवारी जेवून तुम्ही निघता तेव्हा वीकेंडवाले आत शिरत असतात. आम्ही पुढच्या वेळी हेच केलं. वीकेंडचे दरही जास्त असतात, ते वाचले ते वेगळंच.

गर्दी म्हणजे नक्की काय हे पण समजून घ्या, कारण लोकांना वाटतं सुट्टीत आत गाड्यांचा पूर येतो. तसं नसतं, प्रत्येक गेटला फेरीमागे किती गाड्या सोडायच्या ते ठरलेलं असतं. गर्दीचा त्रास तीन ठिकाणी होतो: हवं ते गेट मिळत नाही, हॉटेलवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात, आणि आत कुठे वाघ बसलाय म्हटलं की त्या भागातल्या सगळ्या जिप्स्या एका पाणवठ्यावर. मग पुढच्या गाडीतला माणूस उभा राहतो, मागचे त्याला बसा बसा करतात, ड्रायव्हर मागे-पुढे करत राहतो आणि वाघ उठून जातो. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्स्यांच्या मध्ये अडकले होते, फोटो सगळीकडे फिरले, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. त्यामुळे २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा माझ्यापुरता कायमचा बाद.

आता महिने. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर कोअर बंद, विषय संपला. बफरची, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलाची, काही गेटं पावसातही चालू असतात, पण रस्ता किती चिखलाचा यावर सगळं, पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये.

१ ऑक्टोबरला कोअर उघडतो. जंगल इतकं हिरवं की बघत राहावं, पण गवत पुरुषभर, वाघ पाच फुटांवर झोपलेला असला तरी दिसायचा नाही. फुलपाखरं, मोठाली कोळ्याची जाळी, हे आवडत असेल तर जरूर जा. फक्त एक लक्षात ठेवा, दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, आणि १५-१६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर सोहळा असतो, बाबासाहेबांनी १९५६ ला नागपूरनंतर तिथेही दीक्षा दिली होती म्हणून. त्या दिवसांत ट्रेनचं तिकीट आणि चंद्रपुरात खोली दोन्ही विसरा. दिवाळीची सुट्टी तर आहेच.

थंडी मला आवडते, पण उघड्या जिप्सीत सकाळी साडेसहाला जो वारा लागतो तो पुण्याच्या थंडीत मोजू नका, डोळ्यांतून पाणी येतं. मोहर्लीजवळ इरई धरणावर पाहुणे पक्षी येतात, ताडोबा तलावावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. डिसेंबरात नागपूरला विधानसभेचं हिवाळी अधिवेशन असतं, त्या काळात नागपूरची हॉटेलं आणि विमानाची तिकिटं अचानक महाग झाली तर नवल करू नका, आमदार-अधिकारी-पत्रकार सगळे तिथेच असतात. ताडोबा तलावाकाठी तारूचं देऊळ आहे, वाघाशी झुंजताना मेलेला गावचा प्रमुख, त्याच्यावरून ताडोबा हे नाव पडलं असं सांगतात. पौषात त्याची जत्रा भरायची.

फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. माझं उत्तर हे, आणि याचं कारण जंगलात कमी आणि शाळेत जास्त आहे. बारावी-दहावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, बाकीच्या पोरांच्याही वार्षिक परीक्षा डोक्यावर, त्यामुळे पोरंबाळं घेऊन फिरणारा आपला सगळा वर्ग घरी बसलेला असतो. तुमच्या घरात परीक्षेचं पोर नसेल तर याहून चांगली वेळ नाही. मोहर्ली आणि कोलारा तेव्हाही भरतात, नाही असं नाही, पण बाकीच्या गेटांना श्वास घ्यायला जागा असते. सागाची पानं गळायला लागलेली, त्यामुळे लांबपर्यंत दिसतं, पळस पेटलेला, मार्चमध्ये मोह टपटप गळायला लागतो आणि अस्वलं त्यावर तुटून पडतात. दुपारी तापतं पण सहन होतं. सासूबाईंना घेऊन गेलो तरी कुणाला चक्कर आली नाही. वाघ मे पेक्षा कमी दिसतो का, तर हो, थोडा कमी. पण दिसला तर तुम्ही आणि अजून तीन गाड्या. होळी-धुळवड याच काळात येते, ती कुठल्या वारी आहे ते बघा. आणि हो, मंगळवार. बुकिंग करताना पुन्हा एकदा बघा, "बघितलंय मी" म्हणून पुढे जाऊ नका, मी पण तेच म्हटलं होतं.

एप्रिल-मे म्हणजे वाघ बघायचा सीझन, मान्य. वेली सुकतात, नाले आटतात, जिथे पाणी तिथे जनावर, वाघ तर पाण्यात शेपटीकडून मागे मागे सरकत बसतो आणि तासभर हलत नाही. पांढरपौनीच्या पाणवठ्यासारख्या जागी नुसतं थांबून राहायचं. पण चंद्रपूरची गरमी काय असते हे आधी माहिती पाहिजे, मे मध्ये ४५-४६ म्हणजे काही नवल नाही, काही वर्षी ४७-४८ सुद्धा गेलंय, आणि जिप्सीला टप नसतो. साठीच्या पुढचं कोणी किंवा पाच वर्षांच्या आतलं कोणी बरोबर असेल तर कृपा करून मे चा हट्ट सोडा, दुपारची फेरी तर नकोच. शिवाय मे ची पण काही गॅरंटी नाही. आमच्या वेळी एप्रिल संपता संपता अवकाळी पाऊस झाला होता, जंगलात जागोजाग डबकी, गाइड म्हणाला आता वाघाला पाणवठ्यावर यायची गरजच काय. बुधवारी सकाळी नशिबाने एक कॅन्सलेशन मिळालं त्यात आम्ही रानगवे पाहिले आणि अस्वलाची पाठ पाहिली. म्हणजे सीझन अगदी बरोबर निवडला होता आणि तरी काय मिळालं तर पाठ. बुद्ध पौर्णिमेला मचाणावर रात्र काढायचा निसर्गानुभव असतो, तो वेगळा कार्यक्रम, त्याचं बुकिंग वेगळं, त्या दोन दिवसांत साधी ट्रिप घुसवू नका.

जून: गंमत म्हणजे पुण्या-मुंबईच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि विदर्भातल्या उन्हामुळे त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी, म्हणजे आपली गर्दी हटते पण तिकडची असते. पाऊस आला की संपलं. मोर नाचताना बघायचे असतील, नवरंग पक्षी बघायचा असेल तर पहिला पंधरवडा. जुगार आहे.

महिना ठरला की गेट, हॉटेल नाही. लोक आधी स्विमिंग पूलवालं रिसॉर्ट बुक करतात मग त्यांना कळतं की मिळालेली सफारी दुसऱ्या टोकाच्या गेटची आहे. कोअरची सहा गेटं आहेत, मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी, आणि मोहर्लीहून कोलाऱ्याला जंगलाच्या बाहेरून जायचं तर चांगली दोन तासांची फेरी. उन्हाळ्यात गेट पाच-साडेपाचला उघडतं. करा हिशोब कितीला उठणार. चंद्रपूरकडून येणाऱ्याला मोहर्ली जवळ, नागपूरहून थेट येणाऱ्याला कोलारा-नवेगाव बरं पडतं. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा असल्या बफर गेटांना नाक मुरडू नका, वाघाला कोअर-बफर कळत नाही, आणि कोअर नाही मिळाला तर निदान हात हलवत यावं लागत नाही. बफरचा खाडा कोणत्या वारी ते त्या त्या गेटचं बघा.

क्रम असा ठेवा: वार, मग सफारी, सफारीचं कन्फर्मेशन हातात आलं की ट्रेन, मग खोली. आमचं बरोबर उलटं होतं, खोली, ट्रेन, सफारी, आणि वार कोणी बघितलाच नाही. एका जिप्सीत सहा माणसं, सातवा येतो म्हणाला तर त्याला नाही सांगा किंवा दुसरी गाडी करा. बुकिंगला ज्या ओळखपत्राचा नंबर टाकलाय तेच ओरिजिनल बरोबर, जाऊबाईंनी आधार टाकून पॅनकार्ड आणलं होतं, गेटवर वीस मिनिटं गेली. बुकिंग सरकारी साइटवरूनच करा, "मी मिळवून देतो" म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

कपडे मळकट रंगाचे. थंडीत कानटोपी, उन्हाळ्यात टोपी आणि तोंडाला ओला पंचा, धूळ भयंकर. पाणी. औषधं ज्याची त्याने. मोबाइल आत नेता येत नाही, कॅमेरा असेल तर घ्या नाहीतर डोळ्यांनी बघा. परफ्युम नको. लघवीला जाऊन या, आत उतरता येत नाही, हे पोरांना दोनदा सांगा आणि नवऱ्याला तीनदा.

आत गेल्यावर गाइडला वाघ वाघ करू नका, रानकुत्रे, गवे दाखवा म्हणा, तो खूश होतो आणि जास्त दाखवतो. दुपारी झोपा. परतीची ट्रेन शेवटच्या सफारीनंतर निदान सहा तासांनी ठेवा.

आता तारखा लिहिलेला कागद घ्या आणि प्रत्येक तारखेपुढे वार लिहा, अक्षरात लिहा, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. आमच्याकडे आता हे काम सासूबाईंकडे आहे. त्या मंगळवार आला की थांबतात आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघतात.