तुर्कीच्या पान्सियोनमध्ये गरम पाण्याची वेळ साधा

तुर्कीतल्या काश किंवा दात्चासारख्या किनारी गावांतल्या स्वस्त पान्सियोनमध्ये (छोट्या घरगुती लॉजमध्ये) गरम पाणी बहुधा गच्चीवरच्या सोलरचं असतं. रात्री सगळे समुद्रावरून येऊन आंघोळी उरकतात, टाकीतलं गरम पाणी संपतं आणि सकाळी उठणाऱ्याच्या वाट्याला गार पाणी येतं.

१. खोली घेतानाच विचारा: "सजाक सु वार म?" (गरम पाणी आहे का?) टाकीला विजेचा हीटर जोडलेला असेल तर प्रश्नच मिटला.

२. नसेल तर आंघोळ दुपारी चार ते सहामध्ये उरका.

३. खालच्या मजल्यावर नळातून आधी पाइपातलं गार पाणी येतं. ते पाच लिटरच्या रिकाम्या बाटलीत धरा. पोहण्याचे खारट कपडे खळबळायला पुरतं. वरच्या मजल्यावर ही कटकट कमी, पण ऑगस्टात खोली तापते.

नळावरच्या अक्षरावर जाऊ नका. गरम म्हणजे 'सजाक', गार म्हणजे 'सोउक', दोन्हींचं आद्याक्षर एकच! लाल-निळी खूण बघा.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी चटका बसेल इतकं कढत असतं. आधी गार नळ सोडा, मग गरम. मुलांना नळाशी एकटं सोडू नका.