लायसन्सचं लॉगबुक: मिहानमध्ये काम करतानाच भरा
नागपुरातल्या मिहानच्या विमान-दुरुस्ती हँगरमध्ये काम करत डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) बी१.१ लायसन्स, म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांच्या देखभालीचं, काढायचं असेल, तर लॉगबुक त्याच दिवशी भरा. तारीख, विमानाचं ‘व्हीटी’ने सुरू होणारं रजिस्ट्रेशन, वर्क ऑर्डर, एटीए चॅप्टर (विमानाच्या त्या भागाचा ठरलेला क्रमांक; ३२ म्हणजे लँडिंग गिअर) लिहा. ‘लँडिंग गिअरचं काम केलं’ एवढ्यानं भागत नाही. ‘एटीए ३२, मुख्य चाक बदललं’ असं नेमकं हवं. सही लायसन्सधारक इंजिनिअरचीच, आणि लगेच. त्याची बदली झाली की सहीसाठी वणवण ठरलेली!

कार-६६ या डीजीसीएच्या लायसन्स-नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त मूलभूत कोर्स केलेल्यांना २ वर्षांचा अनुभव लागतो, तांत्रिक प्रशिक्षण नसलेल्यांना ५. नुसता वर्कशॉपमधल्या सुट्या भागांवरचा अनुभव पुरत नाही. परीक्षेच्या प्रत्येक मॉड्युलला (विषयाला) ७५ टक्के हवेत. कायद्याचं मॉड्युल (क्रमांक १०) जुन्या नोट्सवरून वाचू नका. ताजी सुधारित आवृत्तीच घ्या.