अपडेट विचारून करा: सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी

दुकानात गिऱ्हाईक काउंटरवर उभं आहे, बिल छापायचंय, आणि नेमकी तेव्हाच स्क्रीनच्या मधोमध खिडकी उघडते: ‘नवीन व्हर्जन आलं आहे’. दुकानदार वैतागून सेटिंगमध्ये जातो आणि ‘ऑटो अपडेट’समोरची खूण काढून टाकतो. त्याला नको होती ती अवेळी आलेली खिडकी. बंद झालं मात्र सगळंच, सुरक्षेच्या दुरुस्त्यांसकट.

हे टाळायचं तर एकाच चेकबॉक्सवर भागवू नका. तपासणं, डाउनलोड करणं, इन्स्टॉल करणं आणि कळवणं ही चार वेगळी कामं आहेत, त्यांची सेटिंगंही वेगळी हवीत. तपासणीला तीन पर्याय पुरतात: रोज, आठवड्यातून एकदा, मी सांगेन तेव्हाच. डाउनलोडसाठी नुसतं ‘वायफायवरच’ एवढं पुरत नाही, कारण फोनचा हॉटस्पॉटही लॅपटॉपला वायफायच वाटतो. कनेक्शन मीटर्ड (म्हणजे डेटा मोजून मिळणारं) आहे का ते ऑपरेटिंग सिस्टमला विचारा, आणि फाइल मोठी असेल तर आकार सांगूनच पुढे जा.

तपासणीची परवानगी पहिल्याच वेळी मागितली, तर माणूस न वाचता काहीतरी दाबून मोकळा होतो. मॅकच्या ॲपमध्ये अपडेटसाठी वापरली जाणारी स्पार्कल ही लायब्ररी (तयार कोडचा संच) दुसऱ्यांदा ॲप उघडल्यावर विचारते आणि होकार मिळाला की एरवी दर २४ तासांनी तपासते. हा पायंडा चांगला आहे. विचारतानाच सर्व्हरला काय पाठवता तेही लिहा. ॲपचं व्हर्जन आणि ऑपरेटिंग सिस्टम, याहून जास्त लागत नाही.

आता खिडकीतला मजकूर. ‘महत्त्वाचे अपडेट उपलब्ध’ यातून कोणालाच काही कळत नाही. असं लिहा:

‘व्हर्जन ४.१० तयार आहे. ४८ एमबी. जीएसटी अहवालातली बेरीज चुकत होती, ती दुरुस्त केली. ॲप एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होईल.’

खाली तीन बटणं: ‘आत्ता इन्स्टॉल करा’, ‘उद्या आठवण करा’, ‘हे व्हर्जन नको’. तिसऱ्या बटणाचा अर्थ ‘कधीच नको’ असा घेऊ नका. वगळलेल्या व्हर्जनचा नंबर साठवा आणि त्याहून पुढचं आलं की पुन्हा कळवा. कोणी स्वतःहून ‘आत्ता तपासा’ दाबलं, तर वगळलेलं व्हर्जनही दाखवा. खिडकी बंद करायची फुलीही हवी, आणि तिचा अर्थ ‘नंतर’ एवढाच.

याच जागी एक जुनी चूक होते. व्हर्जनचे नंबर मजकूर म्हणून ताडले, तर ४.१० हे ४.९ पेक्षा लहान ठरतं, कारण १ हा ९ च्या आधी येतो. मग नवं अपडेट कोणालाच दिसत नाही. टिंबावर तोडून प्रत्येक भाग संख्या म्हणून ताडा.

दुसरी गंमत घड्याळाची. शेवटची तपासणी कधी झाली ते तुम्ही साठवता. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते, साठवलेली वेळ भविष्यातली ठरते आणि ‘२४ तास झाले का?’ याचं उत्तर वर्षानुवर्षं ‘नाही’ येत राहतं. साठवलेली वेळ आत्तापेक्षा पुढची दिसली, तर तपासणी झालीच नाही असं धरा. त्यात चुकीच्या तारखेमुळे एचटीटीपीएसचं प्रमाणपत्रही (सर्व्हरची ओळख पटवणारं, ठरावीक मुदतीचं) नाकारलं जाऊ शकतं. अशा वेळी ‘अज्ञात त्रुटी’ऐवजी ‘कॉम्प्युटरची तारीख तपासा’ असं सांगा.

आपोआप झालेली तपासणी फसली तर गप्प बसा. नेट नाही हे माणसाला माहीत असतं. एका तासाने, मग दोन, मग चार, असं अंतर वाढवत २४ तासांपर्यंत न्या. बटण दाबून केलेली तपासणी फसली, तर मात्र कारण सांगायलाच हवं. काही नवं नसेल तर ‘तुमचं व्हर्जन ताजंच आहे’ हेही दिसू द्या, नाहीतर बटण बिघडलंय असं वाटतं. ऑफिसं दहाला उघडतात, तेव्हा सगळ्या प्रती एकदम सर्व्हरवर तुटून पडू नयेत म्हणून तपासणीसाठी ॲप सुरू झाल्यावर तासाभरातली कुठलीही यादृच्छिक वेळ निवडा.

फोनवर कळवण्याचं गणित थोडं वेगळं. अँड्रॉइड ८ पासून नोटिफिकेशनचे चॅनेल, म्हणजे वेगवेगळे चालू-बंद करता येणारे गट, असतात. अपडेटसाठी स्वतंत्र चॅनेल करा, म्हणजे तेवढंच बंद करून उधारीच्या आठवणी चालू ठेवता येतील. चॅनेलचं महत्त्व (नोटिफिकेशन किती ठळकपणे यावं ते) सुरुवातीलाच कमी ठेवा. एकदा बनवलेल्या चॅनेलचं महत्त्व ॲपला नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे ‘कमी’ की ‘आवाजासकट’ हा विचार आधीच करा. अँड्रॉइड १३ पासून तर नोटिफिकेशनची परवानगीच मागावी लागते. ती अपडेटच्या नावाखाली मागू नका, ग्राहकाला उपयोगी पडणाऱ्या आठवणीच्या वेळी मागा.

डाउनलोड झालेल्या फाइलची डिजिटल सही (फाइल तुमचीच आहे, वाटेत बदललेली नाही याची खूण) पडताळणं मात्र कोणाच्याही मर्जीवर ठेवायचं नाही. त्याला सेटिंग नको.

नवं व्हर्जन लोकांना देण्याआधी आपोआप होणारी तपासणी बंद करून ॲप अपडेट करा आणि सेटिंग पुन्हा उघडून पाहा. ती आपोआप चालू झालेली दिसली, तर बहुधा तुम्ही सेटिंगची फाइल प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे आणि इन्स्टॉलरने ती पुसली. ती वापरणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये हलवा.