दादऱ्यावर सहापर्यंत

अडीच वर्षांच्या नातीला मी अंक शिकवते ते तबल्याच्या व्हिडिओवरून. तीनतालाच्या 16 मात्रा (म्हणजे तालातले ठोके) या वयाला जड जातात, म्हणून दादरा हा छोटा ताल घ्या: धा धी ना, धा ती ना. सहाच मात्रा! पिल्लाला मांडीवर बसवून पहिल्या मात्रेला टाळी द्या, चौथीला हात मोकळा फिरवा, बाकीच्या मात्रा बोटांवर मोजा. लय संथ हवी. द्रुत, म्हणजे वेगवान, वादन तुम्ही एकट्याने ऐका.

आकारांसाठी व्हिडिओ थांबवून विचारा, ‘गोल कुठंय?’ तबल्याची काळी शाई लगेच सापडते. पेटीच्या पट्ट्या लांबट चौकोन. संतूर हे तारांचं वाद्य मात्र नेमका चौकोन नाही. ‘एका बाजूला रुंद, दुसरीकडे अरुंद’ एवढं पुरे.

दोन वर्षांखालच्या बाळांना जागतिक आरोग्य संघटना स्क्रीन नकोच म्हणते. त्यांच्यासाठी डब्यावर ठेका धरा.