सर्व्हरवर नवीन डिस्क आली की फाईल सिस्टीम कशी टाकायची

लिनक्स सपोर्टला नवीन लागलात की हे तिकीट येणारच: "नवीन डिस्क जोडलीये, डेटासाठी माउंट करून द्या." म्हणजे डिस्कवर फाईल सिस्टीम (फाईली ठेवायची रचना) बनवून ती एका फोल्डरला जोडायची. ती बनवणारी एमकेएफएस ही कमांड तशी काही सेकंदांत संपते, पण खरं काम तिच्या आधी आणि नंतर असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके कमांड मारा आणि आउटपुट सावकाश वाचा. समजा एसडीए 100 जीबी आहे, खाली पार्टिशन आहेत, माउंटपॉइंटच्या कॉलममध्ये रूट आणि बूट दिसतंय, म्हणजे ती ओएसची डिस्क, तिला हात लावायचा नाही. एसडीबी 500 जीबी, खाली काहीच नाही, म्हणजे बहुतेक हीच आपली. पण "बहुतेक"वर पुढे जाऊ नका, माउंट नाही म्हणजे रिकामी असं अजिबात नसतं, कुणाचा तरी जुना डेटा असू शकतो. वाइपएफएसला ऑप्शन न देता फक्त डिस्कचं नाव दिलं तर ते काही पुसत नाही, आधीच्या फाईल सिस्टीमच्या खुणा तेवढ्या दाखवतं. एक्सएफएस या प्रकारच्या फाईल सिस्टीमचं एमकेएफएस अशी खूण दिसली की स्वतःच थांबतं आणि फोर्सचा ऑप्शन मागतं. तिथे घाईने फोर्स लावू नका प्लीज, आधी डिस्क कुणाची ते विचारा, साइज तिकिटाशी जुळवा.

आता फाईल सिस्टीमचा प्रकार कुठला, ईएक्सटी4 की एक्सएफएस? रेड हॅटमध्ये व्हर्जन 7 पासून, म्हणजे 2014 पासून, एक्सएफएस डिफॉल्ट आहे, उबुंटू-डेबियनवर ईएक्सटी4. एक्सएफएस वाढवता येते पण नंतर लहान करायची सोय जवळपास नाहीच, त्यामुळे साइज आधीच ठरवा. ईएक्सटी4 मध्ये 5 टक्के जागा रूट युजरसाठी राखीव जाते, 500 जीबीत ती 25 जीबी झाली! नुसत्या डेटाच्या डिस्कला मी ती 1 टक्क्यावर आणतो. आणि ईएक्सटी4 मध्ये आयनोड (प्रत्येक फाईलला लागणारी नोंद) किती ते फॉरमॅट करतानाच ठरतं, लाखो बारीक फाईली येणार असतील तर ॲपवाल्यांना आत्ताच विचारा, नाहीतर जागा शिल्लक असून "नो स्पेस" येतं आणि मग डीएफ हायफन आय (किती आयनोड उरले ते दाखवणारी कमांड) बघितल्यावर उलगडा होतो.

आता एफएसटॅब, म्हणजे बूट होताना काय कुठे माउंट करायचं ते लिहिलेली फाईल. इथे एसडीबी लिहू नका, रिबूटनंतर नावं बदलू शकतात, बीएलकेआयडी कमांडमधून यूयूआयडी (फाईल सिस्टीमचा स्वतःचा ओळख क्रमांक) घ्या. डेटाची डिस्क असेल तर नोफेल (डिस्क नसली तरी बूट अडवू नको, असा ऑप्शन) टाका, नाहीतर डिस्क सापडली नाही की बूट सांभाळणारं सिस्टीमडी दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडला जातं आणि मग एसएसएच नाही, कन्सोल शोधत बसा. सेव्ह केल्यावर फाइंडएमएनटी हायफन हायफन व्हेरिफाय (एफएसटॅबमधल्या चुका दाखवतं) आणि माउंट हायफन ए (त्यातलं सगळं माउंट करतं) चालवायचंच, तेही रिबूटच्या आधी.

ओनरशिप मात्र माउंट झाल्यावरच बदला. नवीन फाईल सिस्टीम रूट युजरच्या नावावर असते, आधी फोल्डरवर केलेलं सीएचओन (मालक बदलायची कमांड) माउंट झालं की खाली झाकलं जातं आणि ॲपला परमिशन डिनाइड येत राहतं.