मुलाच्या दाताला भूल देताना: वजन सांगा आणि नंतर ओठावर नजर ठेवा

दवाखान्यात जाण्याआधी मुलाचं वजन करा आणि तो आकडा डॉक्टरांनी विचारला नाही तरी सांगा. ‘पाच वर्षांचा आहे’ एवढ्यावर भुलीचा डोस ठरत नाही. लहान मुलांच्या दंतोपचारात लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची मर्यादा सहसा किलोमागे ४.४ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे १५ किलोच्या मुलासाठी ६६ मिलिग्रॅम. दोन टक्के औषधाच्या १.८ मिलीच्या एका कार्ट्रिजमध्ये (इंजेक्शनमध्ये बसवायच्या औषधाच्या नळीत) ३६ मिलिग्रॅम असतात, त्यामुळे दुसरी पूर्ण दिली की मर्यादा ओलांडली. म्हणूनच ‘एकदाच सगळे दात उरका’ असा आग्रह धरू नका. घरी हिरडीला बधिर करणारं जेल लावलं असेल तर तेही सांगा. ते अंगात शोषलं जातं आणि हिशोबात धरावं लागतं. बेन्झोकेन असलेलं जेल दोन वर्षांखालच्या बाळाला लावूच नका. हृदयाचा किंवा यकृताचा आजार, दमा, ॲलर्जी, चालू औषधं हेही आधीच बोला.

गुंगीचं औषध देणार नसतील, तर मुलाला आधी हलकं खाऊ घालून न्या.

सुईच्या वेळी मुलाचा हात धरा, ‘अजिबात दुखणार नाही’ असं खोटं सांगू नका आणि डॉक्टरांना घाई करू नका. औषध सावकाश जाणंच सुरक्षित. त्यानंतर मूल एकाएकी पेंगुळलं, असंबद्ध बोलायला लागलं, कानात गुणगुणतंय म्हणालं किंवा अंग झटकायला लागलं, तर ‘घाबरलं असेल’ म्हणून सोडू नका. त्याच क्षणी डॉक्टरांना सांगा.

खरी कसोटी घरी परतल्यावर लागते. मलाही हा टप्पा पालकांना नीट समजावता यायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण उपचार संपले की सगळे निर्धास्त होतात. दात साधारण तासाभरात जागा होतो, पण ओठ, गाल आणि जीभ तीन ते पाच तास बधिर राहू शकतात. खालच्या दाढेसाठी भूल दिली असेल तर हमखास. मुलाला तो ओठ परका वाटतो. मग ते चोखतं, चिमटे काढतं, दातांखाली धरून चघळतं. दुखत नसल्यामुळे थांबण्याचं कारणच नसतं.

इथे सर्रास मिळणाऱ्या सल्ल्यांची मला चीड येते. ‘बघ, ओठ कसा जाड झालाय’ म्हणून आरसा दाखवू नका. त्यामुळे मुलाचं सगळं लक्ष तिथेच जातं. ‘झोपू द्या, झोपेत उतरेल’ हेही नको. झोपेत ओठ दाताखाली गेला तर तुम्हाला दिसणार नाही आणि त्याला कळणार नाही. भूल उतरेपर्यंत चावून खायचं काहीही नको, गरम काही नको. पाणी चालेल. मुलाला गोष्ट वाचून दाखवा, चित्र काढायला बसवा, पण तोंड तुमच्या समोर हवं. मोबाइल देऊन दुसऱ्या खोलीत जाऊ नका. शाळेतही परत पाठवू नका. तिथे एकाच मुलाच्या ओठाकडे कोण बघत बसणार?

भूल उतरली का हे बघायला ओठाच्या दोन्ही बाजूंना बोट हलकेच टेकवा आणि ‘दोन्हीकडे सारखं लागतंय का?’ असं विचारा. एकदा हो आलं तरी लगेच खायला देऊ नका. थोड्या वेळाने पुन्हा विचारा. मुलं भुकेपोटी हो म्हणतात.

एवढं करूनही चावलंच तर ओठ सुजतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरट-पिवळा थर दिसतो. तो पू नसतो, भरत असलेल्या जखमेचा थर असतो. तो खरवडू नका आणि घरात उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. पहिल्या दिवशी बाहेरून गार शेक द्या, ओठाला पेट्रोलियम जेली लावा आणि दुखत असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. जखम एक-दोन आठवड्यांत भरते. ताप आला, सूज पसरत गेली किंवा मूल पाणीही घेईना, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.